झाली किती, राहिली किती?

पत्र थोडक्यात : बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून सव्वीस वर्षांच्या एका आईनं लिहिलं आहे. नवरा-बायको दोघं दरवर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. थोरला मुलगा चार वर्षांचा, धाकटी मुलगी दहा महिन्यांची. मुलीला जन्माच्या वेळचे, दीड महिन्याचे आणि अडीच महिन्यांचे डोस मिळाले. साडेतीन महिन्यांच्या डोसाच्या वेळी कुटुंब कारखान्यावर होतं, तो हुकला. नवव्या महिन्यातला गोवराचा डोसही झालेला नाही, कारण आता घरातूनच विरोध आहे. थोरल्याला एका डोसानंतर दोन दिवस ताप आला होता, मांडी सुजली होती; नवऱ्याच्या मते तेव्हापासून तो सारखा आजारी पडतो. मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओत सांगितलंय की आजार होऊन गेल्यावर येणारी शक्ती जन्मभर टिकते, लशीची चार-पाच वर्षांत उतरते, आणि लशीनं मुलं मंद होतात. अडुसष्ट वर्षांचे सासरे म्हणतात, "आमच्या घरात समद्यांना गोवर निघाला, कुणाचं काय बिघडलं? ज्वारीची भाकर खाऊन दगडासारखे हावोत." शेजारच्या मुलाच्या अंगावर परवापासून गोवर दिसतोय. सासऱ्यांचं म्हणणं, पोरीला त्याच्यासंगं खेळू द्या, एकदाचं उरकून जाईल. याच घरात धाकटी जाऊ तीन महिन्यांची गरोदर आहे. आईचे प्रश्न दोन : "आजारातून येणारी शक्ती खरंच लशीपेक्षा चांगली असते का? आणि घरात भांडण न करता मी काय करू, चोरून नेऊ का लेकराला?"

लेकी,

तुझ्या वयाची मुलगी मला आहे, म्हणून अगं-तुगं करते. पत्राखाली तू नंबर दिला होतास. वाचलं त्याच संध्याकाळी फोन केला आणि निकडीची गोष्ट तेवढी सांगितली : गोवराच्या रोग्याशी संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस टोचली, तर पुष्कळदा गोवर टळतो किंवा हलका निघतो, म्हणून उद्याच उपकेंद्रात जा. तू "बघते" म्हणालीस, मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवलास. पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. 72 तास उलटून गेले असले तरी लस घ्यायचीच, ती वाया जात नाही. उरलेलं इथं सविस्तर लिहिते, कारण असेच प्रश्न मला परभणीहून, उदगीरहून, जालन्याच्या भागातूनही येतात, आणि विचारणाऱ्या बहुतेक जणी तुझ्यासारख्याच घरात एकट्या पडलेल्या असतात.

तुझ्या नवऱ्याच्या बोलण्यात काही खरं आहे. ते आधी कबूल करूया. 1846 साली युरोपच्या उत्तरेकडच्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. त्याआधी पासष्ट वर्षं तिथं गोवर फिरकला नव्हता. पॅनम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं गेला, गावोगाव फिरला आणि त्यानं नोंदी केल्या. सुमारे 7,800 वस्तीपैकी सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. पण 1781 च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर निघाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. पासष्ट वर्षांनंतरही शरीरानं ओळख ठेवली होती. तेव्हा गोवर होऊन गेल्यावर येणारी प्रतिकारशक्ती साधारण जन्मभराची असते, हे नवऱ्याला मोकळ्या मनानं सांग. "तुम्ही म्हणता ते खरं आहे" असं ऐकलेला माणूस पुढचं ऐकतो.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. गोवराचं माप सगळ्या रोगांना लावता येत नाही. धनुर्वात बघ. धनुर्वातातून माणूस वाचला तरी त्याच्या अंगात धनुर्वाताची प्रतिकारशक्ती येत नाही. ते विष इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरतं तेवढं प्रमाण शरीराला ओळख पटवायला पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून उठलेल्या रोग्यालाही आम्ही लस टोचतो. माणसांच्या घटसर्पाचंही तसंच, बरा झालेल्यालाही लस लागते. डांग्या खोकल्याची शक्ती आजारानं आलेली असो की लशीनं, काही वर्षांनी ओसरते. डेंग्यूचे तर चार प्रकार आहेत; एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याचा धोका असतो, म्हणजे तिथं पहिला आजार उपयोगी पडायच्या ऐवजी अंगाशी येऊ शकतो. तुझ्या मुलीला दीड आणि अडीच महिन्यांना जी पाच रोगांची लस मिळाली, तिच्यात हिब नावाच्या जंतूवरची लस आहे. या जंतूनं मेंदूज्वर होतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला तो होऊन गेला तरी पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नाही. लशीनं ती येते. म्हणजे इथं लस निसर्गाच्या पुढं आहे.

लस चार-पाच वर्षांत उतरते, हेही गोवराच्या बाबतीत खरं नाही. नवव्या महिन्यातला एक डोस शंभरातल्या साधारण 85 मुलांना राखतो, आणि दोन्ही डोस मिळाले की सुमारे 97 जणांना. ती राखण बहुतेकांत पुढं कितीतरी वर्षं टिकते. शंभरातले उरलेले तीन? त्यांना आजूबाजूची लस घेतलेली मुलं राखतात, कारण गोवर त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. गोवराइतका पसरणारा रोग क्वचित असेल. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. म्हणून गावात शंभरातली 95 मुलं तरी लसवलेली लागतात.

आता ज्वारीच्या भाकरीचं. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी खाऊन लेकरू सशक्त होतं हे मी स्वतः रोज सांगते. खाऊन-पिऊन असलेलं लेकरू आजारातून उठतंही लवकर. पण गोवराचा विषाणू ओळखायचा कसा, हे भाकरी शरीराला शिकवत नाही. तुझ्या पोटात असताना शेवटच्या महिन्यांत मुलीला तुझ्या रक्तातून प्रतिद्रव्यांची शिदोरी मिळाली. ती सहा ते नऊ महिन्यांत सरत जाते. नवव्या महिन्यात गोवराची लस ठेवली आहे ती यासाठीच : फार आधी दिली तर आईची शिदोरीच लशीला निकामी करते, फार उशीर केला तर लेकरू उघडं पडतं. तुझी मुलगी आज त्या उघड्या दिवसांत आहे. अंगावरचं दूध चालू ठेव, त्यानं जुलाब आणि इतर दुखण्यांपासून संरक्षण मिळतं. पण गोवर अडवायला ते पुरत नाही.

लस आणि निसर्ग हे दोन पक्ष आहेत असं जे घरात धरून चाललंय, तिथं मला थांबवावंसं वाटतं. लस रोगाशी लढत नाही. लढतं लेकराचं शरीरच, त्याच्याच पेशी, त्याचीच नैसर्गिक शक्ती. लस फक्त आधी ओळख करून देते. हे मामांना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, समजावायला दवाखान्यातली उदाहरणं नकोत, गोठ्यातलंच दे. मिरगाच्या आधी बैलांना घटसर्प-फऱ्याची लस का टोचून घेता, असं विचार. (जनावरांचा घटसर्प वेगळा आणि लेकरांचा वेगळा, नाव तेवढं एक.) शेळ्यांना आंत्रविषाराची लस देत असतील, ती कशासाठी? 2022 मध्ये लंपी आला, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा आजारी जनावर लोकांनी दूर नेऊन बांधलं. "माझ्या बैलाला त्याच्याजवळ बांधा, एकदाचा लंपी उरकून जाऊ द्या," असं पंचक्रोशीत एक तरी शेतकरी म्हणाला का? बैलाच्या बाबतीत मामांना जे न शिकवता कळतं, तेच नातीला लागू आहे. त्यांचं शहाणपण कमी नाही. गोवराला ते आजार समजत नाहीत, एवढंच आहे. सगळ्या लेकरांना होतो, म्हणून तो वाढीचाच एक भाग वाटतो, दात येण्यासारखा.

तो दात येण्यासारखा नाही. 1984 साली मी मुलांच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर होते. थंडी सरून ऊन तापायला लागलं की गोवराची मुलं यायची. त्यांतली बरीच पुरळ मावळून घरी जायची, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा यायची. कुणाला हटत नसलेले जुलाब, कुणाला न्यूमोनिया, कुणाच्या कानातून पू. सुकून काटकी झालेली. आया म्हणायच्या, "बाई, गोवर तर कवाच गेला." आणि तो खरंच गेलेला असायचा. मग ही लेकरं का ढासळतात, याचं नीट उत्तर तेव्हा आम्हाला देता येत नव्हतं. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात आली 1985 मध्ये, आणि हळूहळू ती परत येणारी मुलं कमी झाली.

उत्तराचा मोठा भाग मिळाला 2019 साली. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवर होण्याआधी आणि होऊन गेल्यावर तपासलं गेलं. गोवरानं त्यांच्या अंगातली इतर रोगांविरुद्ध साठवलेली प्रतिद्रव्यं 11 पासून 73 टक्क्यांपर्यंत पुसून टाकली होती. शरीर जे आधी शिकलं होतं तेच विसरलं. लशीनं असं होत नाही. तुझ्या नवऱ्याला हे आकडे मुद्दाम दाखव, कारण व्हिडिओत सांगितलेल्या गोष्टीच्या हे बरोबर उलट आहे. गोवर अंगात एक शक्ती ठेवून जातो खरा, पण जाताना इतर रोगांविरुद्धची जमवलेली शक्ती घेऊन जातो. आणि हे वाचलेल्या मुलांचं झालं. गोवरात मेंदूला सूज येते ती हजारातल्या एखाद्याला, पण न्यूमोनिया बऱ्याच जणांना होतो, आणि लेकरू आधीच हडकुळं असेल, 'अ' जीवनसत्त्व कमी असेल, तर डोळे जाण्यापर्यंत मजल जाते.

मामा म्हणतात, कुणाचं काय बिघडलं? या वाक्यावर मी बराच वेळ अडून राहिले. लहानपणी आमच्या घरी आईच्या मैत्रिणी यायच्या, नवी ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले असायचे. "लेकरं झाली किती?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "राहिली किती?" माझ्या आईला सात झाली, राहिलो आम्ही चार. माझ्या पाठचा भाऊ गोवरानंतरच्या न्यूमोनियानं गेला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. मोठेपणी आम्ही चौघं भावंडं जमलो की मीच कितीदा म्हटलंय, आम्ही मातीत खेळलो, वाटेल ते पाणी प्यालो, आम्हाला काही झालं नाही. एकदा आई ते ऐकून स्वयंपाकघरात उठून गेली. पुन्हा ते वाक्य मी उच्चारलं नाही.

मामा खोटं बोलत नाहीत. ते राहिलेल्यांना मोजतात, कारण समोर तेच दिसतात. बायका दोन्ही आकडे लक्षात ठेवतात. म्हणून माझं सांगणं आहे, या घरातलं बोलणं नवऱ्याशी किंवा मामांशी सुरू न करता आत्याबाईंशी, म्हणजे सासूबाईंशी, सुरू कर. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, म्हणजे या वादात त्यांना कुणी विचारलेलं नसावं. दुपारी निवडत-टिपत बसलात की सहज विचार, तुम्हाला किती झाली, किती राहिली, तुमच्या आईला किती. त्यांची सगळी जगली असतील तर उत्तमच. पण त्यांच्या बहिणीत, नणंदांत, माहेरात कुठंतरी एक नाव निघेलच, आणि ते नाव घेताना त्या वाद घालणार नाहीत. हे शस्त्र म्हणून वापरू नकोस. ऐकून घे. मग एवढंच म्हण, आत्याबाई, मला पोरीची भीती वाटते, तुम्ही माझ्यासंगं चला.

मामांसाठी आणखी एक. त्यांच्या दंडावर किंवा मनगटाच्या वर मोठा गोल, आत दबलेला व्रण आहे का बघ. त्यांच्या वयाच्या बहुतेकांना असतो. तो देवी टोचल्याचा. मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला 14 जून 1802 रोजी देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. 1975 च्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा एकही रोगी सापडला नाही आणि 1980 साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. मामांच्या लहानपणी तोंडावर वण असलेली, एका डोळ्यानं आंधळी झालेली माणसं प्रत्येक गावात होती. त्यांना ती आठवत असतील. आज तुझ्या वयाच्या मुलीला देवीचा वण ओळखता येत नाही. पोलिओचंही तेच. भारतातला पोलिओच्या मूळ (जंगली) विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा आहे. रोग दिसेनासा झाला की सुई तेवढी दिसत राहते, आणि मग सुईचीच भीती मोठी होते.

थोरल्याच्या तापाकडे येते, कारण तुझ्या नवऱ्याच्या मनातली खरी गाठ तिथं आहे असं मला वाटतं. बाकी बोलणं व्हिडिओतलं आहे, हे मात्र त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तापलेलं लेकरू दोन रात्री छातीशी घेऊन बसलेल्या बापाला "काही होत नाही" म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. तेव्हा त्याला कुणी आधी सांगितलं असतं की या लशीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते, तर तो एवढा घाबरला नसता. ती चूक सांगणाऱ्यांची, म्हणजे आमची. ताप आला तर वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल, सुजेवर थंड पाण्याची घडी, आणि चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही. गंभीर ॲलर्जी दहा लाख डोसांत एखाद्याला होते आणि तीही लगेच, म्हणून अर्धा तास थांबवून घेतात. तो अर्धा तास घाई करून मोडू नकोस.

तेव्हापासून सारखा आजारी पडतो, याचा विचार असा कर : या वयाची मुलं वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकल्यानं आजारी पडतात, लस घेतलेली असोत की नसोत. त्यात तुमचं लेकरू वर्षातले पाच-सहा महिने कोपीत (फडावरच्या झोपडीत) राहतं, पहाटेच्या थंडीत गाडीवर झोपतं, चुलीच्या धुरात आणि पाचटाच्या धुळीत खेळतं. त्याला वारंवार न्यूमोनिया होत असेल, वजन वाढत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञाला दाखव. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय आहे. आणि त्याचं कार्डही काढून बघ. दीड-दोन वर्षांचा गोवर-रुबेलाचा (गोवर आणि रुबेला या दोन्हींवरची एकच लस) दुसरा डोस आणि बूस्टर झालाय का, आणि पाच वर्षं पूर्ण झाली की पुढचा बूस्टर आहे.

लशीनं मुलं मंद होतात, या गोष्टीचं मूळ 1998 सालच्या एका इंग्रज डॉक्टरच्या लेखात आहे. बारा मुलांवरून त्यानं गोवराच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. त्यात लबाडी निघाली, 2010 मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. 2019 साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा हिशेब तपासला, असा कुठलाही संबंध सापडला नाही. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

जाऊबाईंबद्दल मात्र आहे. शेजारच्या पोराला गोवरच निघालाय हे पुरळ पाहून सांगता येत नाही. रुबेलाचं पुरळही तसंच दिसतं. लेकराला रुबेलाचा फार त्रास होत नाही, पण गरोदर बाईला पहिल्या तीन-चार महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो. 1941 साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरला जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक दिसायला लागली, त्यानं आयांना विचारलं, तेव्हा हा धागा सापडला. साधा गोवरही गरोदरपणात धोक्याचाच. आणि गरोदर असताना ही लस देता येत नाही. म्हणजे जाऊबाईंच्या बाळाला राखायचं तर भोवतीच्या लेकरांनाच लस हवी. पोरीला मुद्दाम शेजारी खेळायला सोडणं म्हणजे तो आजार घरात आणून जाऊबाईंच्या अंथरुणाशेजारी ठेवणं. हे मामांसमोर सगळ्यात आधी आणि स्पष्ट बोल. नातीबद्दल त्यांचं मत काहीही असो, येणाऱ्या नातवंडाचा धोका ते पत्करणार नाहीत. जाऊबाईंनी शेजारी जाऊ नये, आणि आरोग्य केंद्रात जाऊन संपर्काबद्दल आजच सांगावं. बाळंतपण झाल्यावर त्यांना लस घेता येईल.

आता तुझा दुसरा प्रश्न. चोरून नेऊ का?

मला चोरी नको वाटते, पण तिचं कारण नियमाचं नाही. तू आई आहेस, तुझ्या संमतीनं डोस देता येतो. भीती ही की चोरून दिलेल्या डोसानंतर ताप आला तर तू घरात एकटी पडशील, आणि दुसरा डोस कायमचा अडेल. म्हणून आधी उघड सांगून बघ. आशाताईला आणि सिस्टरला घरी बोलाव, पण नवरा घरी असेल तेव्हा. त्यानं त्याच्या सगळ्या शंका त्यांना विचारू दे. लसीकरणाच्या दिवशी त्यालाच पुढं कर. बाटलीवर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस थंडीत नीट राहिलेली आहे. दोन्हींचा रंग सारखा किंवा चौकोन गडद झाला असेल तर ती वापरायची नसते. गोवर-रुबेलाची लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांच्या आत संपवायची असते, कधी मिसळली ते त्यानं विचारावं. आपल्याकडे वीज कशी जाते ते त्याला माहीत आहे, आणि अशी तपासणी करणं बापाचा हक्क आहे. चांगल्या सिस्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. शंका घेणाऱ्या माणसाच्या हातात पडताळायचं साधन दिलं की तो बऱ्याचदा शांत होतो.

एवढं करूनही दोन दिवसांत कुणी ऐकलं नाही, तर तू घेऊन जा. गल्लीत गोवर असताना घराचं एकमत व्हायची वाट बघत बसण्याइतका वेळ दहा महिन्यांच्या लेकराकडे नसतो. जाताना एका माणसाला तरी सांगून जा, आत्याबाईंना सांगता आलं तर सगळ्यात बरं. मारहाणीची भीती असेल तर आशाताईला आधीच कल्पना दे आणि तिला सोबत घे.

पोरीला गोवर निघालाच, तर कडुनिंबाचा डहाळा दाराला खुशाल बांध. त्या रीतीनं येणारा-जाणारा दूर राहतो, ते चांगलंच आहे. पण खाणं-पिणं तोडू नकोस. अंगावरचं दूध, वरण-भात, पाणी सगळं चालू ठेव. आरोग्य केंद्रात 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात, तो आवर्जून घे, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, दूध सोडलं, झटका आला, लेकरू गुंगीत राहिलं, डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकं दिसलं, तर रात्र असली तरी 108 ला फोन कर.

राहिलेल्या डोसांची चिंता नको. खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथं सुटलं तिथून पुढं देतात. गोवर-रुबेलाबरोबर साडेतीन महिन्यांचं जे राहिलं तेही एकाच दिवशी देता येतं. त्या दिवशी थोडी सर्दी किंवा बारीक कणकण असली तरी चालतं.

कारखान्याचं आधीच ठरवून ठेव. पोरीचा दुसरा डोस सोळाव्या महिन्यानंतर आहे. मी बोटांवर मोजलं, नोव्हेंबर येतो, म्हणजे तुम्ही फडात असणार. कार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नका, कोयत्याबरोबर बांधून न्या, आणि आजच दोन्ही बाजूंचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सरकारी लसीकरण कुठल्याही जिल्ह्यात मिळतं, गाव कुठलं हे विचारून कुणी परत पाठवू शकत नाही. तिथल्या आशाताईला टोळीत किती लहान मुलं आहेत ते सांगितलंत तर कोप्यांवरही सत्र लावता येतं. मुकादमाला हे आधीच बोलून ठेवा. तिथं जमलंच नाही तर मार्च-एप्रिलमध्ये परत आल्याबरोबर घ्या. चोवीस महिन्यांच्या आत झालं की वेळेतच झालं.

आणि हे मात्र आजच घरात सगळ्यांना सांगून ठेव : गोवराची लस टोचल्यावर लगेच काही होत नाही, पण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना ताप येतो, एखाद्याच्या अंगावर बारीक पुरळही दिसतं. ते दोन-तीन दिवसांत जातं. नवऱ्यानं ते तुझ्या तोंडून आधी ऐकलेलं असू दे. त्या दिवसांत काही शंका आली तर मला फोन कर, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.